सोसायटीचा जिना भूकंपाच्या नजरेनं कसा तपासायचा

कराड-पाटणच्या पट्ट्यात जमीन जरा हलली की माणसं पहिली धाव जिन्याकडे घेतात. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपापासून अंगात मुरलेली सवय आहे ती. बैठ्या घरात दोन ढांगांत अंगण गाठता यायचं, तेव्हा ती समजण्यासारखी होती. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीच सवय जिवावर बेतू शकते. मी सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. जिना बघायचाय म्हटलं की सेक्रेटरी हमखास गच्चीवरचं लीकेज दाखवायला नेतात. म्हणून जिना घरच्या घरी कसा तपासायचा ते सांगते.

आधी तो वागतो कसा ते समजून घ्या. भूकंपात कॉलम-बीमची चौकट आडवी झुलते. जिन्याची तिरकी स्लॅब ही चौकटीत, कुणी न सांगता, मांडवाच्या खांबाला लावलेल्या तिरक्या वाशाचं काम करू लागते. इमारत एकीकडे गेली की ती दाबली जाते, उलटी फिरली की ताणली जाते. डिझाइन करताना मात्र बहुतेक वेळा तिचं स्वतःचं वजन आणि चढउतार करणारी माणसं एवढंच धरलेलं असतं. १२ मे २००८ला चीनमधल्या वेनचुआन भूकंपात कितीतरी ठिकाणी चौकट उभी राहिली आणि जिने मोडले. त्यानंतर २०१०च्या चिनी बांधकाम संहितेत चौकटीच्या हिशेबात जिनाही धरायला सांगितलं गेलं.

आता टॉर्च घ्या आणि तळमजल्यापासून सुरुवात करा. खाली मोकळं पार्किंग असेल तर तिथला जिना सगळ्यात नीट बघा. तिथे भिंती नसल्यामुळे आडवा धक्का झेलायला कॉलमांच्या जोडीला जिनाच उरतो.

दोन मजल्यांच्या मधलं लँडिंग ज्या बीमवर टेकलंय ती बीम कॉलमला निम्म्या उंचीवर धरते. म्हणजे दहा फुटी कॉलमचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे झाले. उंची निम्मी झाली की ताठरपणा आठपट होतो. वरचा मजला सगळ्या कॉलमांना सारखंच सरकवतो, त्यामुळे ताठर कॉलम आपल्या वाट्यापेक्षा फार मोठा भार ओढून घेतो आणि तिरका फुटतो. या तुकड्यांवर तिरकी किंवा फुलीसारखी भेग दिसली तर थांबायचं नाही, इंजिनियर बोलवायचा. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या बारीक रेषांनी मात्र घाबरू नका, तो प्लास्टरचा आजार असतो.

दुसरी जागा आहे जिना वरच्या लँडिंगला मिळतो तिथला खालचा कोपरा. खालच्या अंगाची सळई तिथे सरळ पुढे काढून स्लॅबच्या वरच्या अंगात रुतवायची असते. आळस करून तीच सळई कोपऱ्यात वाकवून लँडिंगमध्ये नेली, तर ताण आल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि खालचं काँक्रीट उडवते. त्या कोपऱ्यात आडवी भेग आहे का, ठोकल्यावर पोकळ वाजतंय का, ते बघा. भेगेत एटीएम कार्डाची कड शिरली तर भेग पाऊण मिलिमीटरच्या वर आहे. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतात.

भेग वाढतेय का हे कळायला तिच्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीनं चिकटवा, बाजूला तारीख लिहा. काच तडकली की हालचाल चालू आहे. ही काच चिकटवायच्या आधी पेंटरला जिन्यात फिरकू देऊ नका. पुट्टी मारली की भेग दिसत नाही एवढंच, आणि मग आमच्यासारख्यांना अंदाज बांधत बसावं लागतं.

काही मोठ्या इमारतींत जिना मुद्दाम एका टोकाला सुटा ठेवतात, सरकायला फट ठेवून. आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात अशा सरकत्या जोडाची सोय आहे. ती फट वाळू-सिमेंटनं बुजवायची नसते आणि टेकायची जागाही पुरेशी रुंद लागते. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात १८ मजली फोर्सिथ बार इमारत उभी राहिली, पण आतले जिने कोसळले. वर अडकलेल्यांना क्रेननं उतरवावं लागलं.

सायकली, चपलांचे स्टँड आणि बंद पडलेलं फ्रिज जिन्यातून हलवा, यावर मी जास्त बोलत नाही. भांडणं होतात.

प्रत्यक्ष हादरा बसला तर जिन्याकडे धावायचंच नाही. भक्कम टेबलाखाली बसा, डोकं-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हलणं थांबल्यावर लिफ्ट नाही, जिनाच, पण पाय टाकण्याआधी खालच्या लँडिंगपर्यंत टॉर्च मारून बघा. पायऱ्या लँडिंगपासून सुटल्यासारख्या दिसल्या तर वरच थांबा आणि हाक मारा. ठीक दिसलं तर अंतर ठेवून एकेकानं उतरा, घोळक्यानं नको. मागाहून येणारे धक्के गृहीत धरा.

नवा बंगला बांधताय? मग जिन्याजवळच्या आखूड कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी) सेंटरिंग म्हणजे काँक्रीटचा साचा लावायच्या आधी स्वतः टेप लावून मोजा. दोन रिंगांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको, तेही पूर्ण उंचीभर, आणि रिंगेचं टोक आत गाभ्याकडे वळवलेलं हवं. नुसतं काटकोनात वाकवलेलं टोक दिसलं तर काँक्रीटची गाडी बोलवू नका.