पेपरला फोटो पाठवताय? जरा थांबा

ऑगस्ट 2019. कोल्हापूरच्या शाहूपुरीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, कॅमेरा डोक्यावर धरून मी दिवस काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कुणा वाचकानं गच्चीवरून काढलेला फोटो. फुकटात आलेला. मला फोटोमागे पैसे मिळतात. त्या दिवशीचे बुडाले. फोटो चांगला होता, हे कबूल करायला मात्र आठवडा लागला.

तर पाठवा, पण नीट. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकलात की तो आकसतो आणि आतली तारीख-वेळ गळून जाते. पेपरक्लिपचं चिन्ह (आयफोनवर ‘+’) दाबा, ‘डॉक्युमेंट’ निवडा, मूळ फाइल द्या. खाली लिहा: कुठला चौक, किती वाजता, कोण दिसतंय. ‘पुराचं भीषण रूप’ वगैरे नको, ते आमचे उपसंपादक लिहितातच! फॉरवर्ड आलेला तर अजिबात नको. मागच्या पुराचे फोटो दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात.

आणि मानधन मागा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं तुमच्या हौशी फोटोचे मालक तुम्हीच. लाजू नका. तुम्ही फुकट दिलात, की महिनाअखेरीस माझ्या बिलावर साहेब म्हणतात, “वाचक तर असेच देतात हो!”