'मत' मांडताना या चुका टाळा

पडताळून पाहता येणाऱ्या गोष्टीला 'माझ्या मते' जोडणे ही लेखनात वारंवार आढळणारी चूक आहे. 'माझ्या मते नागपूर करार 1953 मध्ये झाला' हे वाक्य सदोष ठरते, कारण 28 सप्टेंबर 1953 ही त्या कराराची तारीख कोणाच्याही धारणेवर अवलंबून नाही. खात्री नसेल तर तारीख तपासावी, 'मते'चा आडोसा घेऊ नये. याच्या उलट, मताला वस्तुस्थिती म्हणून मांडण्याची चूक अधिक घातक आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली, ही वस्तुस्थिती. ती स्वीकारायला हवी होती, हे मत. नागपुरात या विषयावर लिहिताना ही दोन्ही वाक्ये अनेकदा एका दमात येतात आणि आयोगाच्या शिफारशीचे वजन आपल्या मतालाही आपोआप मिळाले, असा लिहिणाऱ्याचा समज होतो. दुसऱ्या वाक्याआधी 'माझे मत असे की' हे शब्द घालावेत आणि पुढे स्वतःचे कारण द्यावे. कारणाशिवायचे मत हा केवळ कल असतो.

'मत देणे' हा प्रयोगही जपून करावा. धरमपेठेतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात 'वाहनतळाबाबत सभासदांनी मत दिले' एवढेच लिहिले, तर हात वर करून मतदान झाले की नुसती चर्चा, हे पुढच्या वर्षी वाद उद्भवल्यावर कोणालाच सांगता येत नाही. चर्चा झाली असेल तर 'मते मांडली' असे लिहावे. मतदान झाले असेल तर बाजूने आणि विरोधात किती मते पडली, ते आकड्यांत नोंदवावे. एका जरी सभासदाने विरोधात मत दिले असताना 'सर्वानुमते' लिहिणे ही भाषेची चूक नव्हे, ती खोटी नोंद आहे. तेथे 'बहुमताने' हाच शब्द हवा.

'मत' आणि 'निर्णय' यांचीही गल्लत होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 39 नुसार हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत न्यायालयात विचारात घेता येते, परंतु निर्णय न्यायाधीशच देतात. म्हणून 'तज्ज्ञाने सही खोटी ठरवली' असे न लिहिता 'तज्ज्ञाच्या मते सही खोटी आहे' असे लिहावे.

'माझ्या मते मला असे वाटते की' ही द्विरुक्ती आहे; दोहोंपैकी एक पुरेसे आहे.