आम्लतेचा क्रम लावताना या चुका टाळा

आम्लतेचा प्रश्न आला की बारावीची मुलं आम्लाकडेच बघत बसतात. बघायचं असतं ते प्रोटॉन गेल्यावर मागे उरलेल्या ऋण आयनाकडे. त्याच्यावरचा भार जितका नीट सामावला जाईल, तितकं आम्ल तीव्र. मी तर फळ्यावर आधी ऋण आयनच काढतो.

मला सर्वांत जास्त छळते ती रेझोनन्सच्या रचना, म्हणजे भार वेगवेगळ्या जागी दाखवणारी एकाच आयनाची चित्रं, मोजण्याची चूक. तासगावकडचा एक हुशार मुलगा होता, घरची द्राक्षबाग. त्याने फिनॉक्साइडच्या (फिनॉलचा ऋण आयन) पाच रचना काढल्या, ॲसिटेटच्या (व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचा ऋण आयन) दोन, आणि ठणकावून सांगितलं, "सर, पाच म्हणजे फिनॉलच तीव्र." मी वाद घातला नाही. दोन परीक्षानळ्या घेतल्या. फिनॉल कातडी जाळतं, म्हणून ती नळी माझ्याच हातात ठेवली. दोन्हींत खायच्या सोड्याचं द्रावण ओतलं; आम्ल पुरेसं तीव्र असेल तरच ते फसफसतं. व्हिनेगर फसफसून काठापर्यंत आलं, फिनॉल ढिम्म. पोरगं नळीकडे बघत म्हणालं, "मग त्या पाच गेल्या कुठं?"

त्या पाचांपैकी तीन रचनांत ऋणभार कार्बनवर जातो आणि बेंझिनच्या कड्याची स्थिरताही मोडते, त्यामुळे त्यांचा हातभार थोडा. ॲसिटेटच्या दोन्ही रचना अगदी सारख्या, दोन्हींत भार ऑक्सिजनवरच. म्हणून फिनॉलचा पीकेए (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) १० च्या आसपास, ॲसिटिक आम्लाचा ४.७६; म्हणजे लाखाहून जास्त पटींचा फरक. रचना मोजू नका, भार कुठल्या अणूवर बसलाय ते बघा.

"दोन्हींत ओएच, मग अल्कोहोल आणि फिनॉल सारखेच" असं म्हणणाऱ्याला मी हळद आणि चुना आणायला सांगतो. सांगलीत हळदीला काय तोटा! चुना लागताच हळद लाल होते, कारण करक्युमिनमधल्या फिनॉल गटाचा प्रोटॉन जातो आणि उरलेला भार रेणूभर पसरतो. इथेनॉलचा पीकेए १६. चुन्याला ते दाद देत नाही.

"कार्बोक्सिलिक, फिनॉल, पाणी, अल्कोहोल" ही उतरत्या आम्लतेची पाठ केलेली ओळ मला मुळीच आवडत नाही. पिक्रिक आम्ल फिनॉलच आहे, पण तीन नायट्रो गटांमुळे त्याचा पीकेए ०.४ पर्यंत उतरतो. घाईत पाठ करणारी मुलं नेमकी इथेच मार्क घालवतात.

क्लोरीन दिसला की "आम्लता वाढली" एवढंच लिहू नका, तो आम्ल गटापासून किती लांब आहे तेही बघा. ब्युटॅनोइक आम्लाचा पीकेए ४.८२, क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर असेल तर २.८६, तिसऱ्यावर ४.०५, चौथ्यावर ४.५२.

हायड्रोजन हॅलाइडमध्ये विद्युतऋणता (अणूची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) बघू नका, अणूचा आकार बघा. एचआय (आयोडीनचा मोठा अणू) तीव्र, एचएफ (फ्लोरीनचा छोटा अणू) सौम्य.

द्राक्षातल्या टार्टरिक आम्लात ओएच चार दिसतात. सोड्याला प्रोटॉन देतात ते कार्बोक्सिलिक गटांतले दोनच. त्या तासगावच्या मुलाने पुढच्या चाचणीत हे बरोबर लिहिलं, शेजारी ऋण आयन काढून.