कॉन्व्होकेशनला काय घालायचं आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला तेच कसं चालवायचं

कपाट उघडायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात दोन गोष्टी विचारून घ्या, गाऊन मिळणार आहे की उपरणं, आणि गाऊन असेल तर तो परत किती वाजता द्यायचा. कारण यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये विद्यापीठांना पदवीदानाच्या पोशाखासाठी हातमागाचं कापड वापरा असं कळवलं होतं आणि काही ठिकाणी आता गाऊनऐवजी उपरणंच देतात. उपरणं असेल तर तुमचा पूर्ण ड्रेस दिसणार, मग जे तुम्हाला सगळ्यात शोभतं ते बिनधास्त घाला. गाऊन असेल तर मात्र हिशोब पूर्ण वेगळा.

गाऊनमध्ये दिसतं काय? गळा, कॉलर, गुडघ्याखालचा भाग, पायातले आणि केस. बस. त्यामुळे मधल्या भागावर भरतकाम, आरसे, मोठी बटणं असलं काही नको, ते दिसत नाही आणि वरून टोचतं. आणि गाऊन बहुतेक वेळा पॉलिस्टरचा काळा असतो, मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो, हॉलमध्ये एसी असला तरी बाहेर लायनीत उभं राहायचंच असतं, म्हणून आतला कपडा सुती किंवा कॉटन-सिल्क घ्या. मुलांनी आत ब्लेझर घालू नका प्लीज, तो मित्राच्या बॅगेत राहू दे. शर्ट पांढरा किंवा गडद घ्या. राखाडी आणि फिकट निळ्यावर घामाचे डाग सगळ्यात आधी दिसतात आणि गाऊन काढल्या काढल्या ग्रुप फोटो असतो.

आता हूडबद्दल, कारण हे कुणी आधी सांगत नाही. गाऊनवर जो रंगीत हूड घालतात, म्हणजे गळ्यात अडकवून पाठीवर सोडलेलं कापड, तो पाठीकडच्या वजनाने मागे सरकतो आणि समोरचा पट्टा गळ्याशी येऊन बसतो. त्या पट्ट्याला आतून एक छोटा लूप असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा, एवढं केलं की हूड जागेवर राहतो. म्हणूनच समोर बटणं असलेला शर्ट किंवा कुर्ता सोयीचा पडतो. साडी किंवा गोल गळ्याच्या ड्रेसवर बटण नसतं, तिथे दोन्ही खांद्यांवर हूड आतल्या बाजूने गाऊनला सेफ्टी पिनने लावा. सिल्कला सरळ पिन मारू नका, धागा खेचला जातो. पिनेत आधी एक मणी ओवा म्हणजे कापड पिनेच्या वळणात अडकत नाही.

साडीच नेसायची असेल तर नेसाच, आईच्या डोळ्यांत जे दिसतं ना त्यासाठी तरी नेसा. फक्त गाऊनच्या आत जड पैठणी नको असं माझं ठाम मत आहे, जरीचा पदर आत गोळा होतो, खांदा फुगलेला दिसतो आणि एवढी सुंदर साडी कुणाला दिसतही नाही. त्यापेक्षा इरकल, नारायणपेठ किंवा साधी महेश्वरी घ्या, पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर पक्का पिन करा. साडी स्टेजवर घालायच्या चपला घालूनच नेसा म्हणजे उंची बरोबर येते. नाहीतर स्टेजच्या पायऱ्या चढताना निऱ्या पायाखाली येतात आणि एका हातात सर्टिफिकेट असल्यावर त्या उचलायला हात कुठून आणणार?

कॅप असेल तर केस उंच बांधू नका, कॅप डोक्यावर सपाट बसायला हवी. मानेवर खाली अंबाडा किंवा वेणी, आणि गजरा त्याच्या खाली. गजरा दादरच्या फुलमार्केटमधून सकाळी घ्या, ओल्या रुमालात गुंडाळून ठेवा.

आता खरा प्रश्न संध्याकाळचा. समारंभ दुपारी संपतो, रिसेप्शन सातला, आणि घर विरार किंवा बदलापूरला असेल तर लोकलने जाऊन कपडे बदलून परत येणं म्हणजे नुसती दमछाक, कपड्यांची इस्त्री तर गर्दीतच जाते. म्हणून एकच पोशाख ठरवा जो दोन्हीकडे चालेल आणि वरच्या दोनच गोष्टी बदला. मुलींनी दिवसा छोटे कानातले, संध्याकाळी झुमके आणि जरीची ओढणी. मुलांनी साधा कुर्ता आणि संध्याकाळी त्यावर नेहरू जॅकेट, काम झालं. हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये जरीकाम आणि गडद रंग खुलतात, फिकट रंग मळकट दिसतात, हे रंग निवडतानाच लक्षात ठेवा.

रिसेप्शन कुठे आहे तेही बघा. लॉनवर असेल तर पेन्सिल हील मातीत रुततात, ब्लॉक हील किंवा फ्लॅटच बरे. एखाद्या जिमखान्यात असेल तर आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी पुरुषांना उघड्या चपला किंवा बिनकॉलरचं चालत नाही आणि गेटवरच थांबवतात. हे बाबांनाही सांगून ठेवा.

खरेदी करायचीच असेल तर ड्रेस मटेरियल आणि साड्यांना दादरचं हिंदमाता, कापड घेऊन शिवायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट (रविवारी बंद असतं), आणि खोट्या दागिन्यांना भुलेश्वर. पण शिवायला निदान महिनाभर आधी टाका, लग्नसराईत टेलर तारखा देतो आणि त्या पुढे ढकलतो. ब्लाउज आला की हात वर करून बघा, खाली बसून बघा. नवीन बूट-चपला आठवडाभर आधीपासून घरात घाला. पैसे कमी असतील तर ड्रेसवर वाचवा आणि चपलांवर खर्च करा, त्या दिवशी पायच सगळ्यात जास्त वेळ कामावर असतात. आईची साडी आणि नवीन ब्लाउज हे तर सगळ्यात छान, आणि खिशालाही परवडतं.

परफ्यूम साडी नेसायच्या आधी अंगाला लावा, जरीवर उडाला तर जर काळवंडते. आणि रात्री घरी आलात की दमलेले असलात तरी सिल्क तशीच घडी करून कपाटात टाकू नका, पिना काढा, रात्रभर पंख्याखाली पसरून घाम सुकू द्या, डाग असेल तर स्वतः पाणी न लावता सरळ ड्रायक्लीनला द्या.