चायना ग्रासने दूध गोठवायचं, ते असं

माझ्या सासूबाईंना जिलेटिन चालत नाही, ते जनावरांच्या हाडाकातड्यातून येतं. म्हणून आमच्या नौपाड्यातल्या घरात पुडिंगला चायना ग्रासच. जांभळी नाक्यावरून किराणा आणताना पाकीट घेते. नावात गवत असलं तरी ते लाल समुद्रशेवाळातून काढतात. पाकिटावर ‘अगर’ किंवा ४०६ हा आकडा शोधा.

एक लिटर दुधाला १० ग्रॅम पट्ट्या पुरतात. कात्रीने तुकडे करून अर्धा तास भिजवा, पाणी निथळा आणि दीड कप ताज्या पाण्यात मंद आचेवर उकळा. इथे घाई नको! एकही धागा उरला तर तो दाताखाली येतो. दुसऱ्या शेगडीवर दूध साखर घालून गरमच ठेवा. थंड दुधात ओतलं की लगेच गुठळ्या होतात, माझं पहिलं पातेलं तसंच वाया गेलं. गाळून मिसळा, वेलची घाला, ताटात ओता. साधारण ३५ ते ४० अंशांना ते गोठू लागतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात. त्यामुळे मे महिन्यात दिवे गेले तरी वड्या उभ्या राहतात.

दुधाऐवजी फळांच्या रसाची जेली करत असाल, तर लिंबाचा रस चायना ग्राससोबत उकळू नका, पकड सुटते. गॅस बंद केल्यावर घाला. अननस मात्र चालतो, जिलेटिन त्याने गोठत नाही.

पट्टी किंवा पूड कोरडी कधीही खाऊ नका. ती घशात फुगून अडकू शकते. सासूबाईंना आता गिळायला जड जातं, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच मी हे करते.