तिसऱ्या हप्त्याची फाईल

पुणे महापालिकेच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या कामाला नव्याने लागलात की पहिल्या आठवड्यात हातात पडते ती सेंटरच्या भेटींची यादी. सेंटर कुठे, बॅच कधीची, पट किती, हे कुणीही सांगेल. परीक्षा होते ती तिसऱ्या हप्त्याच्या फाईलवर, म्हणजे मुलं कामाला लागल्यावर प्रशिक्षण संस्थेला मिळणाऱ्या शेवटच्या पैशांच्या फाईलवर, आणि ती कशी तपासायची हे शिकवायला सहसा कुणी बसत नाही. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि त्या फाईलपाशी थांबते.

आधी पैसा कुणाचा ते बघा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं सेंटर तुमच्या प्रभागात असलं तरी ते महापालिकेचं नाही. केंद्र-राज्याच्या पैशांवर चालणाऱ्या योजनांची जिल्ह्यातली देखरेख जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे असते. रोजचं कामकाज बघतं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. तिथे काही खटकलं तर लेखी कळवा. सेंटरला कुलूप लावायचा अधिकार तुम्हाला नाही.

महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालणारं प्रशिक्षण मात्र समाज विकास विभागाचं. जुने लोक अजून त्याला नागरवस्तीच म्हणतात. इथे ठरावीक रकमेवरच्या कराराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७३ प्रमाणे स्थायी समितीची मंजुरी लागते, आणि मुख्य लेखापरीक्षकांचा अहवालही स्थायी समितीकडेच जातो. म्हणजे नगरसेवकांची नजर दोन टोकांना: करार होताना आणि पैसे गेल्यानंतर. मधली सगळी वाट तुमच्या शेऱ्यावर चालते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा ही दोन्ही टोकं एकाच टेबलावर आली आणि खालच्या शेऱ्याचं वजन आणखी वाढलं.

हजेरीबद्दल थोडक्यात. न कळवता जा. आत शिरताच डोकी मोजा, घड्याळ बघून वेळ टिपा, मगच मस्टर मागा. आधी मस्टर मागितलं की ते सापडेपर्यंत जिन्यावरून चार मुली येतातच. तीस जणींच्या शिवणकामाच्या बॅचला आठ मशीन असतील तर तेही लिहा, आणि आठांपैकी चालू किती तेही. शेऱ्यात ‘समाधानकारक’ हा शब्द कधीच नको. ‘११.२० वाजता पटावरील ३० पैकी १४ हजर, ८ पैकी ५ मशीन चालू’ एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर येणारे लोकेशनवाले फोटो पुरावा म्हणून धरायचे, हे खूळ कुठून निघालं कोण जाणे. फोटोत लोकेशन खरं असेल, पण बसलेल्या मुली त्या बॅचच्या आहेत हे फोटो सांगत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या कॅगच्या लेखापरीक्षणात एकच फोटो वेगवेगळ्या लाभार्थ्यांच्या नावावर सापडला होता आणि बँक खात्याच्या रकान्यात नुसती शून्यं भरलेली होती. ऑनलाइन नोंद होती म्हणून कुणी उघडून बघितलं नव्हतं.

आता फाईल. २०१५ साली केंद्राने कौशल्य योजनांसाठी खर्चाचे सामाईक निकष काढले. त्यात पैसे तीन हप्त्यांत जातात: बॅच सुरू झाली की ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५०, आणि रोजगारावर शेवटचे २०. अनेक करार याच साच्यातले असतात. तुमच्या करारात आकडे वेगळे असतील, तर करार चालेल, सवय नाही. शेवटचा हप्ता पूर्ण मिळायला प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ७० टक्के जण कामाला लागलेले हवेत. गोची सगळी या आकड्यात आहे.

हिशोब करून बघा. बॅच ३० ची, पास झाले २६. त्यांचे ७० टक्के म्हणजे १८.२, म्हणजे १९ नावं लागणार. सेंटरकडे खरी १८ असतील तर पूर्ण हप्ता एका नावावर अडकलेला आहे. आणि एक नियुक्तीपत्र छापायला येणारा खर्च तुम्हाला माहीत आहे. बनावट पत्रं नेहमी लुच्च्या संस्थाच आणतात असं नाही. चांगली चाललेली संस्थाही एकोणिसाव्या नावापाशी घसरते. म्हणून फाईलीत १९ आकडा अगदी काठावर बसलेला दिसला की एकोणीसही नावं पुन्हा तपासायची. २३ दिसला तर जरा श्वास घ्या, पण फार नाही.

पत्र वाचताना तारखा आधी बघा. रुजू तारीख परीक्षेच्या आधीची असेल, तर एकतर प्रशिक्षण कागदावर झालंय किंवा नोकरी. पगार ‘रु. १२,०००/- पर्यंत’ असा लिहिला असेल तर तो पगार नव्हे, जाहिरात आहे. पत्त्यात सोसायटीतला फ्लॅट आणि फक्त मोबाईल नंबर असेल तर तिथे जाऊन या. पण ही सगळी वरवरची तपासणी झाली. पत्र शंभर टक्के खरं असूनही नोकरी नसते, आणि नवा माणूस फसतो तो इथे. मुलगी खरंच चाकणच्या कारखान्यात रुजू होते, चार दिवस जाते, येरवड्याहून पहाटे निघून रात्री घरी पोचायला अकरा वाजतात म्हणून सोडते. पत्र खरं, सही खरी, कंपनी खरी. निकषाला मात्र सलग तीन महिने लागतात.

म्हणून पत्रावर टिकमार्क करू नका, पीएफचा महिन्याचा परतावा मागा. कंपनी दर महिन्याला भरते तो हा परतावा म्हणजे ईसीआर. त्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते: बारा आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक), नाव, एकूण पगार, वर्गणी आणि शेवटाकडे ‘एनसीपी डेज’. सगळे पगारावर बोट ठेवतात. तुम्ही एनसीपीवर ठेवा. ज्या दिवसांचा पगार नाही ते हे दिवस. ओळीत नाव आहे, यूएएन जुळतो, आणि एनसीपी २६, म्हणजे तीस दिवसांच्या त्या महिन्यात ती चारच दिवस कामावर होती. पुढच्या महिन्याच्या ईसीआरमध्ये बहुधा ओळच नसेल. तीन महिन्यांचे तीन ईसीआर शेजारी ठेवून एकच यूएएन तिन्हीत शोधा, तिन्ही ठिकाणी एनसीपी बघा. १९ नावांना एक दुपार जाते. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधली की महिनानिहाय भरणा आणि कर्मचारीसंख्या दिसते. तिथे ४० माणसं आणि तुमच्या फाईलीत त्याच कंपनीची ६० पत्रं, असं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

पीएफ नाही म्हणजे खोटं, असंही धरून बसू नका. उत्साही नवी माणसं या दुसऱ्या टोकालाही जातात. पीएफ २० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, ईएसआय (कामगार विमा) १० किंवा जास्तींना, तेही पगार २१,००० पर्यंत असेल तर. बिबवेवाडीतल्या तीन खुर्च्यांच्या पार्लरला या दोन्हींतलं काही नाही. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणीही नाही, फक्त सूचना द्यायची असते. तिथे गुमास्ता, म्हणजे नोंदणीचा दाखला, मागून मुलीची नोकरी खोटी ठरवू नका. सूचनेची पावती, तीन महिन्यांचा बँक किंवा यूपीआयचा जमा तपशील, आणि स्वतः एक फेरी, एवढं घ्या. पगार रोख असेल तर मालकाचं लेखी आणि मुलीचं लेखी, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी.

चाकण-रांजणगावची आणखी एक गंमत म्हणजे ‘ट्रेनी’. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला मुलगा कामगार धरला जात नाही. त्याला विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही. तो रोज कामावर जातोय, पण तुमच्या कराराच्या व्याख्येत बसतो का, ते कराराचं पान उघडून बघा आणि पान क्रमांकासह टिपणीत लिहा. स्वयंरोजगारात उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचा, कागद पुढे येईल. ती नोंदणी फुकट होते आणि घरबसल्या होते, तिने कमाई सिद्ध होत नाही.

फोन कराल तेव्हा १९ जणांना नाही, २६ जणांना करा. दावा न केलेल्या सातांतही कामावर असलेले निघतात, आणि संस्थेचं नुकसान होऊ न देणं हेही तुमचंच काम आहे. वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची. ‘नोकरी लागली का?’ असं विचारलंत तर सेंटरने पढवलेलं ‘हो मॅडम’ येणारच. त्याऐवजी ‘आज कुठली शिफ्ट होती?’, ‘पगार कितव्या तारखेला होतो?’, ‘कंपनीची बस कुठून घेता?’ असं विचारा. कामावर जाणारी मुलगी पटापट बोलते आणि वर सुपरवायझरची एक तक्रारही ऐकवते. त्या तक्रारीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

फोनवरच भागवा, पाच नावं बघा, उरलेली सोडून द्या, असा सल्ला देणारे वरिष्ठ भेटतील. ऐकून घ्या, पण तसं करू नका. सल्लागार संस्थांच्या सादरीकरणांपेक्षा लेखा विभागातल्या एखाद्या जुन्या क्लार्कशेजारी अर्धा तास बसलात तर जास्त कळेल. कुठल्या शब्दावर बिल परत येतं हे त्यांना पाठ असतं. शब्दांचं म्हणाल तर ‘बोगस’ लिहू नका, ते तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. ‘यूएएन माहे मे व जूनच्या ईसीआरमध्ये आढळला नाही’ असं लिहा. या वाक्यावर कुणी तुमच्याशी भांडू शकत नाही. आणि घाबरू नका. दिसलं तेवढंच लिहिणाऱ्याचा बचाव त्याचा कागदच करतो. अडचणीत येतो तो न बघता ‘पडताळणी केली’ लिहिणारा.

शेवटची अडचण तारखेची. ईसीआर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. मुलगी ५ जानेवारीला रुजू झाली तर तीन महिने ४ एप्रिलला भरतात, आणि त्या शेवटच्या चार दिवसांसाठी लागणारा एप्रिलचा ईसीआर येतो १५ मेपर्यंत. तरीही मार्चएंडला ही फाईल टेबलावर येईल, ३१ तारखेआधी बिल निघालं नाही तर तरतूद व्यपगत होईल, म्हणजे बुडेल, असा फोनही येईल. मार्चमध्ये त्या बॅचचा तिसरा हप्ता देय होतच नाही. जानेवारीतच आपल्या विभागाच्या लेखनिकाला बॅचनिहाय रुजू तारखांचा तक्ता द्या आणि तिसऱ्या हप्त्याची रक्कम पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात दायित्व म्हणून दाखवायला सांगा.