चिंग राजवटीचा ऱ्हास समजून घेताना या चुका टाळा

चीनच्या चिंग राजवटीच्या (१६४४-१९१२) ऱ्हासावर लिहिताना बरेच जण थेट ब्रिटनशी झालेल्या पहिल्या अफू युद्धापासून (१८३९-४२) सुरुवात करतात. तिथेच गणित चुकतं. इंग्रजांच्या तोफा येण्याआधीच राज्य आतून पोखरलं होतं. चियानलुंग बादशहाच्या मर्जीतल्या हेशेनने लाचखोरीतून गडगंज माया जमवली होती. १७९६ पासून श्वेत कमळ पंथाचं बंड मोडायला आठेक वर्षं लागली, खजिना रिता झाला. लोकसंख्या दुपटीहून जास्त वाढली, पण कारभार पाहणारे अधिकारी जवळपास तेवढेच राहिले.

अफूचा व्यापार बंद पाडायला बादशहाने पाठवलेल्या लिन झशू या अधिकाऱ्याने अफू ‘जाळली’ असंही सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. जून १८३९ मध्ये हुमेनच्या किनाऱ्यावर मोठाले खड्डे खणून त्यांत पाणी आणि मीठ सोडलं, अफूचे गोळे फोडून टाकले, वर चुना ओतला. मजुरांनी तो रगडा ढवळला आणि मग तो समुद्रात सोडून दिला. वीस हजारांहून अधिक पेट्या अशा संपवल्या. समुद्र नासवावा लागतोय म्हणून लिनने समुद्रदेवतेची प्रार्थनाही केली होती. ही अफू पिकत होती हिंदुस्थानात, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. मराठी वाचकासमोर हा दुवा यायलाच हवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिलं अफू युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंग तहावरून एकदम १९११ च्या क्रांतीवर उडी मारणं. मधलं ताइपिंग बंड (१८५०-६४), म्हणजे एका नव्या धर्मपंथाने राजवटीविरुद्ध पुकारलेलं युद्ध, गाळलं तर पुढचं काहीच उलगडत नाही. त्यात किमान दोन कोटी माणसं मेली. बादशाही फौजा हतबल ठरल्यावर झेंग ग्वोफान या अधिकाऱ्याने हुनान प्रांतात स्वतःचं सैन्य उभारलं. अशा फौजांच्या खर्चासाठी वाटेवरच्या नाक्यांवर मालावर ‘लिजिन’ हा कर सुरू झाला. बंड संपलं, तरी तो कर संपला नाही. पैसा आणि फौज दोन्ही प्रांतांच्या हाती जात राहिली.

म्हणूनच १९११ मध्ये सरकारने परकीय कर्जाच्या भरवशावर रेल्वेमार्ग ताब्यात घेतले, तेव्हा सिचुआन प्रांतातले रेल्वेचे भागधारक पेटून उठले. ते शमवायला हुबेई प्रांतातून सैन्य हललं, आणि १० ऑक्टोबरला त्याच हुबेईतल्या वुचांगमध्ये शिपायांनी बंड केलं. दोन महिन्यांच्या आत बहुतेक प्रांतांनी राजधानी पेकिंगशी (आजचं बीजिंग) नातं तोडलं होतं.